चादर पडेपर्यंत

आमच्या मामांना त्यांच्या नावाने कुणीच ओळखत नाही. ते 'हॅलो'. "हॅलोच्या दुकानावरून डावीकडे वळा," असा पत्ता लोक सांगतात. पोस्टमन पाकिटावर काय लिहिलंय ते न बघता पत्र आत टाकतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी सगळी चौकशी एका प्रश्नात उरकली, "म्हणजे हॅलोची भाची का?" हो म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "ही पण तेवढंच बोलते का?" आईने शपथेवर सांगितलं, नाही. आता मी लिहायला बसलेय, तेव्हा आईची शपथ कितपत खरी ते तुम्हीच ठरवा.

मामांचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. मुख्य रस्त्यावर दहा बाय बाराचं दुकान, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कर्णे, खाली वायरींची वेटोळी, काउंटरवर पोट उघडं टाकलेला एखादा ॲम्प्लिफायर आणि त्यात डोकं घातलेले मामा. वायर जोडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. भर सभेत आवाज गेला किंवा कर्णा किंचाळायला लागला, असं त्यांच्या कारकिर्दीत एकदाही झालं नाही. अडचण एकच होती. लाउडस्पीकर घेतला की मामा सोबत फुकट मिळायचे, आणि ते परत करता यायचे नाहीत.

लोकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. "बोलायला आमचा माणूस आहे हं," असं आधीच बजावून ठेवायचे. "हो हो, मी नुसता जोडून देतो," मामा म्हणायचे. मग माइकवर दोन टिचक्या. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन." इथे दुसरा कुणी थांबला असता. मामांना तीन म्हटल्यावर समोर बसलेली माणसं दिसायची आणि त्यांना राहवायचं नाही. नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला त्यांनी माइक तपासता तपासता कागदाचा शोध, छपाईचा इतिहास, जुन्या वाचनालयाला लागलेली वाळवी आणि प्रमुख पाहुण्यांचं बालपण एवढं सगळं सांगून टाकलं. पाहुणे उठले, "माझं बालपण यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय," म्हणाले, फीत कापली आणि जेवायला गेले.

तसे बोलणारे पुष्कळ असतात. मामांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचं वाक्य. ते संपायचंच नाही. तुम्ही-आम्ही वाक्य संपलं की श्वास घेतो. मामा 'आणि' म्हटल्यावर श्वास घेत. त्यामुळे मध्ये शिरायला कुणाला फट म्हणून मिळत नसे. समोरचा तोंड उघडून उभा, आणि मामांचं 'आणि' अधांतरी. मामी सांगते, ते लग्नाचं विचारायला तिच्या घरी आले तेव्हाही असंच एक वाक्य सुरू झालं होतं. "माझी बस चुकत होती, म्हणून मी मध्येच हो म्हणून टाकलं. शेवट काय होता ते अजून कळलेलं नाही." स्वतः मामी दिवसाला मोजून वीस-पंचवीस शब्द बोलते. त्या घराला शब्दांचा कोटा एकत्रच मिळाला असावा आणि मामांनी तो एकट्याने उचलला असावा, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

गावाबाहेर एक फ्लाइंग क्लब होता. नाव मोठं, प्रत्यक्षात गवताची एक लांब पट्टी, पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन छोटी विमानं, आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींचं फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे क्लबात विमानांपेक्षा न खपलेल्या खुर्च्या जास्त. वर्षातून एकदा क्लबाचा खुला दिवस असायचा. सगळा गाव त्या गवतावर लोटायचा, लोक विमानात बसून फोटो काढून घ्यायचे, आणि सर्वांत शेवटी, ज्यासाठी सगळे उन्हात थांबलेले असत, त्या डॉक्टरांच्या हवेतल्या कसरती.

डॉक्टर दातांचे होते. गावातल्या बहुतेक तोंडांत त्यांच्या हातचं काहीतरी असायचंच. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, अतिशय सावध माणूस. सुई टोचण्याआधी तीनदा सांगायचे, आता टोचतो हं. दवाखान्याचा बाहेरचा कारभार त्यांची बायको बघायची. वेळा देणं, कार्डं लावणं आणि दारातूनच परत फिरणाऱ्या पेशंटला दंडाला धरून आत आणणं ही सगळी तिची कामं. असा हा मऊ माणूस त्या निळ्या-पिवळ्या विमानात बसला की त्याच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. गवतावर इतक्या खाली यायचे की पुढच्या रांगेतले लोक डोक्यावर हात धरायचे. उलटं विमान, गिरक्या, आणि सगळ्यात शेवटी लूप, म्हणजे विमानाची कोलांटी. सरळ वर चढायचं, माथ्यावर उलटं व्हायचं, आणि गोल पुरा करत परत खाली, जमिनीपासून जेमतेम दोन झाडांच्या उंचीवर.

मामांची आणि त्यांची दोस्ती जुनी. दवाखाना बंद केला की डॉक्टर मामांच्या दुकानात चहाला यायचे. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, त्यामुळे उत्तर मिळायची त्यांना सवयच नव्हती. मामांना तर कुणाचं उत्तर नकोच असायचं. दोघांचं उत्तम जमायचं. डॉक्टर कप संपेपर्यंत ऐकायचे, "बरोबर आहे," म्हणायचे आणि घरी जायचे. मामा मागाहून आम्हाला सांगत, "आज डॉक्टरांशी फार छान गप्पा झाल्या."

आता चादरीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या चादरीचंच आहे.

डॉक्टरांच्या विमानात रेडिओ नव्हता. एकदा ते वर गेले की खालून त्यांना काही सांगायची सोय नाही. म्हणून क्लबाने पहिल्यापासून एक पद्धत पाडली होती. कसरती आठ मिनिटं. आठ मिनिटं झाली आणि पट्टीवर माणूस-जनावर कुणी नाही असं बघितलं, की खाली गवतावर पांढरी चादर पसरायची आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या. चादर दिसली की डॉक्टर उतरणार. चादर पडेपर्यंत उतरायचं नाही, हा पक्का नियम; कारण एका वर्षी हौशी लोक विमान जवळून बघायला पट्टीवर धावले होते आणि थोडक्यात निभावलं होतं. ठरलेल्या कसरती संपल्या आणि चादर दिसली नाही, तर डॉक्टर शेवटचा लूप पुन्हा पुन्हा घेत राहायचे. लोकांना वाटायचं, खास आपल्यासाठी.

ही चादर टाकायचं काम कुणाकडे? मामांकडे. त्यांचं टेबल मैदानाच्या मधोमध, मनगटावर घड्याळ, पायाशी विटा. चादर मामीची, डबल बेडची, तिच्याकडची सगळ्यात पांढरी. दर वर्षी ती इस्त्री करून घडी घालून द्यायची आणि दर वर्षी चादर गवताचे हिरवे डाग घेऊन परत यायची. मामी बोलायची काही नाही. आधी डागांकडे बघायची आणि मग मामांकडे बघायची.

सेक्रेटरींनी दोन-तीनदा सुचवून पाहिलं की चादरीला वेगळा माणूस ठेवू. मामांना ते फार लागलं. "माझ्या हाताला काय झालंय?" हाताला काहीच झालं नव्हतं. पण आठ मिनिटं नेमकी मामांच्या वाक्याच्या मध्ये कुठेतरी संपायची, आणि वाक्य अर्धं टाकून खाली वाकणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही. पहिल्या वर्षी साडेआठ मिनिटं झाली. मग नऊ. एकदा तर साडेदहा. डॉक्टर उतरून यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या एका वाक्यात माझे तीन लूप बसतात हो." आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जोरात हसायचे.

त्या वर्षी भयंकर उकडत होतं. वाऱ्याचं नाव नाही. नंतर कळलं की तापलेली हवा विरळ असते, तिच्यात इंजिनाचा दम कमी पडतो आणि प्रत्येक लूपला थोडी थोडी उंची खर्ची पडते. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की पाण्याची बाटली घरी विसरलीय आणि त्यावरून मामी माझ्याशी बोलत नाहीये, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलतेय. आम्ही दोघी पुढच्या रांगेत सेक्रेटरींच्या खुर्च्यांवर बसलो होतो. त्या का खपत नाहीत ते दहा मिनिटांत पाठीला समजलं. चारएक हजार माणूस असेल, आणि एकूण एक नाक आभाळाकडे.

मामा आमच्याकडे तोंड करून उभे होते. म्हणजे विमानाकडे पाठ. हे त्यांचं नेहमीचंच. "विमान तुम्हाला दिसतंय ना? मला तुम्ही दिसलात की पुरे," असं ते म्हणायचे. एका हातात माइक, दुसऱ्या हातात चादर, घडीच्या घडी. आणि वाक्य रंगात आलं होतं. "ज्या हातांनी या माणसाने काल सकाळी तुमच्या-आमच्या घरातल्या कुणाची तरी दाढ अशी काढली असेल की त्याला पत्ताही लागला नसेल, त्याच हातांनी आता, बघा, बघा, तो हे यंत्र असं फिरवतोय की यंत्रालासुद्धा वाटावं आपण पाखरू आहोत, आणि," इथे श्वास, "मी तर म्हणतो, असे हात आपल्या गावाच्या वाट्याला आले हे आपलं..."

आठ मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. डॉक्टर एका जादा लूपमधून बाहेर आले आणि दुसऱ्याला चढले. माथ्यावर विमान जरा थबकल्यासारखं झालं. उतरताना गोल नेहमीपेक्षा मोठा वाटला, आणि खाली तेवढी जागाच नव्हती. विमान नाक वर उचलत होतं, उचलतच होतं, आणि तसंच पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गवतात गेलं. आवाज अगदी साधा झाला, शेजारच्या खोलीत कपाट पडल्यासारखा. मग धूर दिसला.

चार हजार माणसं एकदम उभी राहिली. मामांना वाटलं, आपल्या वाक्याला उठली. आणखी तीन-चार शब्द ते तसेच बोलले. मग आमचे चेहरे बघून वळले. सगळ्या मैदानात सर्वांत शेवटी कळलं ते त्यांना. माइक चालूच होता. लोक पट्टीकडे धावत होते आणि आठही कर्ण्यांतून मामांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मामीने जाऊन त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि बटण बंद केलं.

डॉक्टर जागच्या जागी गेले. बाकी कुणाला ओरखडाही आला नाही.

त्यानंतर मामा गप्प झाले. दुकान उघडायचे, लाउडस्पीकर जोडून द्यायचे, माइकला एक टिचकी मारायचे, कर्ण्यातून ती ऐकू आली की मान हलवून बाजूला व्हायचे. गाव हादरलं. "हॅलोला बरं नाही का?" म्हणून लोक घरी विचारायला येऊ लागले. एका लग्नात तर मुलीचा बाप स्वतः येऊन म्हणाला, "थोडं बोला ना हो, मांडवात चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." याच गृहस्थांनी थोरल्या मुलीच्या लग्नात मामांच्या हातातून माइक सोडवायला दोन जावई पाठवले होते. मामांनी माइकला टिचकी मारली आणि ते बाजूला झाले. घरी तर इतकी शांतता झाली की मामी दिवसाला चाळीस-चाळीस शब्द बोलू लागली, आणि ते ऐकून मला जास्तच भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी सेक्रेटरी आले. हातात टाइप केलेला कागद. विमान अपघाताची चौकशी करायला राजधानीहून अधिकारी येणार होते आणि त्यांच्यापुढे ठेवायचं क्लबाचं निवेदन तयार झालं होतं. त्यात लिहिलं होतं: आठ मिनिटं पूर्ण होताच चादर पसरून उतरण्याची सूचना देण्यात आली, परंतु वैमानिकाने ती जुमानली नाही. खाली सेक्रेटरींची सही, आणि तिच्या शेजारी साक्षीदार म्हणून मामांच्या सहीची जागा मोकळी.

"हे बघा हॅलो," सेक्रेटरी म्हणाले, "गेलेला माणूस काही परत येत नाही. त्याला आता कोण काय विचारणार? तुम्हाला मात्र दुकान आहे, घर आहे. क्लबही वाचेल. सगळे वर बघत होते. चादरीकडे कुणाचं लक्ष होतं?"

मामांनी कागद दोनदा वाचला. "जुमानली नाही," एवढंच मोठ्याने वाचलं आणि कागद खाली ठेवला.

लपवत नाही, मीसुद्धा म्हटलं, "मामा, टाका सही करून." मला मामा हवे होते. त्या एका ओळीने डॉक्टर कायमचे 'स्टंटबाज' ठरतील, सुई टोचताना तीनदा सांगणारा माणूस गावाच्या तोंडी मस्तीखोर म्हणून राहील, हे मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, आणि तरी म्हटलं. मामांनी सही केली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. "बघतो," म्हणाले.

सेक्रेटरी गेल्यावर मामी आत गेली आणि चादर घेऊन आली. मैदानावरून कुणीतरी ती घरी पोचवली होती. मामीने ती जेवणाच्या टेबलावर मामांच्या पुढ्यात ठेवली. इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा. एक डाग नाही, गवताची काडी नाही.

"ही धुवायला टाकायची का?" तिने विचारलं.

मामांनी चादरीला हात लावला नाही. मामीनेही ती उचलली नाही. चौकशीच्या दिवसापर्यंत ती त्या टेबलावरच होती. आम्ही तिच्या कडेकडेने ताटं मांडून जेवायचो, आमटी सांडू नये म्हणून वाट्या जपून ठेवायचो. पाहुणेरावळे बघायचे, पण विचारायची कुणाची छाती होत नव्हती. सेक्रेटरी सहीसाठी तीनदा येऊन गेले. दर वेळी टेबलापर्यंत यायचे, चादर बघायचे आणि चहा न घेताच निघायचे. चहा सोडणारा माणूस नव्हता तो.

चौकशी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. अधिकारी ठेंगणे, टकले, आणि आवाज असा की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. म्हणून नगरपालिकेने लाउडस्पीकर मागवला. गावात तो देणारं दुकान एकच. मामांनी सकाळी जाऊन कर्णे लावले, वायरी जोडल्या, टिचकी मारून बघितली आणि मग साक्षीदारांच्या बाकावर येऊन बसले. स्वतःच्या साक्षीचा माइक त्यांनी स्वतःच लावला होता, आणि नेहमीसारखा चोख. जिन्याच्या तळाशी उभ्या असलेल्या शिपायालाही शब्द न् शब्द ऐकू जात होता.

आधी सेक्रेटरींनी निवेदन वाचलं. 'जुमानली नाही' हे शब्द मामांच्याच कर्ण्यांतून खोलीभर झाले. शेवटच्या रांगेत डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, बसल्या होत्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ. त्यांनी मान हलवली नाही. अधिकाऱ्यांनी कागद हातात घेऊन विचारलं, "साक्षीदाराची सही राहिलीय ती?" आणि मामांना पुढे बोलावलं.

मामांनी माइक हातात घेतला. तीन आठवडे साठलेलं सगळं बाहेर आलं. "सन्माननीय साहेब, हा क्लब निघाला तेव्हा त्या जागी नुसतं रान होतं, आणि," श्वास, "तिथे गवत कापायला पहिल्यांदा जे यंत्र आणलं ते मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि," श्वास, "त्या यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा..." टिपणं घेणाऱ्या बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी दुसरी घेतली. अधिकारी पंख्याकडे बघू लागले. गवत, पट्टा, पत्र्याची शेड, शेडची गळती, सगळं आलं. चादर काही येईना. सेक्रेटरी खुर्चीत सैलावले, स्वतःच्याच दुकानातली असूनही. आणि मला एकदम कळलं की मामा घाबरलेत. त्यांना ते सांगायचंय, आणि ते येऊ नये म्हणून ते वाक्य लांबवताहेत. मला त्यांची इतकी दया आली की मी खाली बघत राहिले.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "मी एकच विचारतो. चादर टाकली होती का?"

"साहेब, त्या दिवशी ऊन असं होतं की, आणि," मामा म्हणाले. त्यांनी श्वास घेतला. मग तो सोडला.

"नाही," ते म्हणाले.

टिपणं घेणाऱ्या बाई पेन्सिल उचलून पुढच्या शब्दांची वाट बघत राहिल्या. त्यांनाही आतापर्यंत सवय झाली होती.

"आठ मिनिटं होऊन गेली होती. घड्याळात मला दिसत होतं. चादर हातात होती. मी बोलत होतो."

सेक्रेटरी अर्धवट उठले. "साहेब, धक्क्याने यांची मनःस्थिती..."

"बसा," अधिकारी म्हणाले. मग मामांकडे वळले. "पण डॉक्टर आपण होऊन उतरू शकले नसते का?"

"चादर पडेपर्यंत उतरायचं नाही, असा नियम होता. त्यांनी तो पाळला. मी पाळला नाही."

मामांच्या तोंडून एवढी छोटी वाक्यं मी जन्मात ऐकली नव्हती. मला रडू आलं, आणि रडतानाच रागही आला. हे असं थांबणं त्या दिवशी मैदानावर एकदा, फक्त एकदा जमलं असतं तर काय बिघडलं असतं? शेजारी मामी सरळ बसून होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला हेच वाटतंय.

अधिकाऱ्यांनी सेक्रेटरींचा कागद बाजूला सारला आणि मामांचं म्हणणं शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. ते एका पानातच मावलं. पुढे अहवाल आला त्यात उष्ण हवा, अपुरी उंची आणि सूचना द्यायला झालेला उशीर ही कारणं होती, आणि वैमानिकाने क्लबाचा नियम पाळला होता असं स्वच्छ लिहिलं होतं. रेडिओ बसवेपर्यंत कसरतींवर बंदी आली, मामांना मैदानाची बंदी झाली, आणि सेक्रेटरींनी आमच्याशी बोलणं टाकलं.

पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही खोलीतून बाहेर पडलो तर जिन्याच्या वळणावर डॉक्टरीणबाई उभ्या. मामा दोन पायऱ्या वरच थांबले.

"मला माहीत होतं, भावजी," त्या म्हणाल्या.

मामांना समजलं नाही. आम्हालाही नाही.

"मी कधी वर बघितलंच नाही. एकदाही नाही. बघवायचंच नाही मला. दर वर्षी मी तुमच्या हाताकडे बघत बसायचे. चादर कधी खाली जाते, एवढंच. त्या दिवशीही तेच बघत होते."

मामीने माझा दंड घट्ट धरला.

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?" मी विचारलं. मध्ये बोलायची मला गरज नव्हती, पण मी हॅलोची भाची आहे.

"भावजी बोलतात का, ते बघायचं होतं." त्या मामांकडेच बघत होत्या. "आज तुम्ही गप्प बसला असतात तर मी उठणार होते. त्यांना कुणी बेशिस्त म्हटलेलं मी ऐकून घेतलं नसतं."

"वहिनी," मामा म्हणाले, "मला माफ..."

"नाही. ते मला जमायचं नाही." हे त्या न रागावता म्हणाल्या, एखाद्या पेशंटला मंगळवारची वेळ नाही असं सांगावं तसं. मग पर्स उघडून एक पाकीट काढलं. "दवाखाना मी बंद करतेय. सगळ्यांची कार्डं बघून ज्याचं काम राहिलंय त्याला चिठ्ठी देतेय. तुमच्या उजवीकडच्या खालच्या दाढेचं काम अर्धंच झालंय. आत औषध आहे, वर नुसतं तात्पुरतं भरलंय. त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं, ते मी उतरवून दिलंय. दुसऱ्या डॉक्टरांना लवकर दाखवा, नाहीतर फार दुखेल."

मामांनी पाकीट घेतलं. त्या जिना उतरून गेल्या.

याला आता चार वर्षं झाली. मामा हळूहळू बोलायला लागले, बेताचं. गाव म्हणतं, हॅलो सुधारला. पाकीट दुकानातल्या काउंटरच्या खणात आहे, न फोडलेलं. तात्पुरतं भरलेलं पहिल्याच वर्षी पडून गेलं आणि दाढ किडत चालली. मी रागावून पाहिलं, मामीने दोनदा परस्पर डॉक्टरची वेळ घेऊन पाहिली. "दुसऱ्या कुणाचा हात नको लागायला तिला," एवढंच म्हणतात. गार पाणी लागलं की ते टेबल गच्च धरून बसतात. जेवतात ते डाव्या बाजूने.